जुना हाय-एंड प्रोसेसर वर्कस्टेशनसाठी कसा पारखावा

२०१७ मध्ये १८ कोअर आणि ३६ थ्रेडचा इंटेलचा कोअर आय९-७९८०एक्सई आला तेव्हा तो परवडणारे मोजकेच होते. त्याच वर्षीचा एएमडीचा १६ कोअरचा थ्रेडरिपर १९५०एक्स, त्याआधी २०१४चा आठ कोअरचा कोअर आय७-५९६०एक्स, हीदेखील आपापल्या काळातली मानाची नावं. आता हे प्रोसेसर मूळ किमतीच्या मानाने फार कमी पैशांत सेकंडहँड मिळतात. त्यामुळे थ्री-डी रेंडरिंग, व्हिडिओ एडिटिंग, सिम्युलेशन, मोठाले सॉफ्टवेअर प्रकल्प किंवा एका वेळी चार-पाच व्हर्च्युअल मशीन चालवणारी मंडळी साहजिकच त्यांच्याकडे वळतात.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. कोअरची संख्या हे या प्रोसेसरांचं बलस्थान आता राहिलेलं नाही. साध्या डेस्कटॉप सॉकेटवर १६ कोअर २०१९ पासून मिळतात आणि आजच्या पिढीतला एकेक कोअर ५९६०एक्सच्या कोअरच्या दुपटीच्या आसपास काम उरकतो. जुन्या हाय-एंड प्लॅटफॉर्मकडे आजही वेगळं काही असेल तर ते म्हणजे भरपूर पीसीआयई लेन (ग्राफिक्स कार्ड, एसएसडी वगैरे प्रोसेसरला जोडणाऱ्या वाटा) आणि रॅमचे आठ स्लॉट. या दोन गोष्टींची तुम्हाला खरोखर गरज असेल तर सौदा फायद्याचा ठरू शकतो. नसेल तर बहुतेक वेळा ठरत नाही. हे तुमच्या कामाला कितपत लागू पडतं ते कसं तपासायचं, ते आता क्रमाने पाहू.

पायरी १: आधी आपलं काम मोजा

प्रोसेसरचे रिव्ह्यू वाचण्याआधी सध्याच्या मशीनवर आपलं रोजचं काम लावा. त्यातही सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम निवडा. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या पानावर जा, सीपीयूच्या आलेखावर उजवं क्लिक करून प्रत्येक लॉजिकल प्रोसेसरचा वेगळा चौकोन दिसेल असं करा आणि काम संपेपर्यंत त्याकडे लक्ष ठेवा. लिनक्सवर 'एचटॉप' हेच दाखवतं.

मोठा सी-प्लस-प्लस प्रकल्प कंपाइल होताना हे पाहण्यासारखं असतं. सुरुवातीला सगळे चौकोन वरपर्यंत भरलेले असतात, कारण शेकडो फाइली एकाच वेळी वेगवेगळ्या कोअरवर चाललेल्या असतात. शेवटी लिंकिंगची, म्हणजे सगळे तुकडे जोडून एक प्रोग्राम बनवण्याची वेळ येते आणि बाकीचे चौकोन रिकामे होऊन एखाद-दुसराच भरलेला राहतो. त्या वेळात तुमच्याकडे १८ कोअर असले काय आणि सहा असले काय, वाट पाहावीच लागते. व्हिडिओ एडिटिंगमध्ये टाइमलाइन अडखळते तेव्हा कारण बहुधा डीकोडिंगमध्ये असतं आणि एक्सपोर्टचं बरंचसं काम ग्राफिक्स कार्ड करत असतं. ब्लेंडरच्या सायकल्समध्ये सीपीयूवर रेंडर लावलंत तर मात्र सगळे चौकोन शेवटपर्यंत भरलेले दिसतील. कॅडमध्ये मॉडेल फिरवणं, फीचर पुन्हा मोजणं ही कामं मुख्यतः एका कोअरच्या वेगावर चालतात.

चार गोष्टी लिहून ठेवा: एकूण वेळ किती लागला, त्यातला साधारण किती टक्के वेळ सगळे कोअर भरलेले होते, रॅम जास्तीत जास्त किती वापरली गेली आणि डिस्क किंवा ग्राफिक्स कार्ड १०० टक्क्यांवर अडकलं होतं का. डिस्क अडकत असेल तर नवा एसएसडी घ्या, रॅम भरत असेल तर रॅम वाढवा. प्रोसेसर बदलण्याचा विषय तिथेच संपला.

पायरी २: कागदावर हिशेब करा

जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम इथे फार उपयोगी पडतो. कामाचा जो भाग समांतर होऊ शकत नाही, तो कोअर वाढवून कमी होत नाही. सूत्र सोपं आहे: समांतर न होणारा हिस्सा तसाच ठेवायचा, समांतर होणाऱ्या हिश्श्याला कोअरच्या संख्येने भागायचं, दोन्हींची बेरीज करायची आणि १ला त्या बेरजेने भागायचं.

समजा तुमचं ८० टक्के काम समांतर होतं. १६ कोअरवर ०.२ अधिक ०.०५ म्हणजे ०.२५, म्हणून वेग एका कोअरच्या ४ पट. सहा कोअरवर ०.२ अधिक ०.१३३ म्हणजे ०.३३३, वेग ३ पट. आता नव्या सहा कोअरच्या प्रोसेसरचा एकेक कोअर जुन्याच्या १.८ पट वेगवान धरला, तर ३ गुणिले १.८ म्हणजे ५.४. सहा कोअरचा नवा प्रोसेसर १६ कोअरच्या जुन्यापेक्षा पुढे गेला.

तेच काम ९५ टक्के समांतर असेल तर १६ कोअर साधारण ९.१ पट देतात आणि नवे सहा कोअर ४.८ गुणिले १.८ म्हणजे ८.६ पट. इथे जुना पुढे आहे, पण अगदी थोडा. नवा प्रोसेसर आठ कोअरचा घेतलात तर तोही फायदा गेला. पहिल्या पायरीतले आकडे या हिशेबात घालून पाहा. बऱ्याच जणांचा निर्णय इथेच होईल.

एकेका कोअरच्या वेगाचं गुणोत्तर काढायला सिनेबेंच या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामचे सिंगल-कोअर आकडे घ्या, मात्र दोन्ही प्रोसेसरसाठी सिनेबेंचची आवृत्ती एकच हवी. आर१५, आर२० आणि आर२३ यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. जुन्या प्रोसेसरचे २०१८ आधीचे रिव्ह्यू वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: ते स्पेक्टर आणि मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या त्रुटींवरच्या, वेग कमी करणाऱ्या दुरुस्त्या येण्यापूर्वीचे आहेत.

पायरी ३: पिढी नीट ओळखा

एकाच सॉकेटमध्ये बसणारे प्रोसेसरही आतून फार वेगळे असू शकतात, आणि विक्रेत्याच्या वर्णनात हा फरक क्वचितच दिसतो.

इंटेलचा एक्स७९ प्लॅटफॉर्म २०११चा. सॉकेट एलजीए २०११, डीडीआर३ रॅम आणि कोअर आय७-३९३०के, ४९६०एक्स यांसारखे प्रोसेसर. यांच्यात एव्हीएक्स (एकाच वेळी अनेक आकड्यांवर गणित करणाऱ्या सूचना) आहे पण त्याची पुढची आवृत्ती एव्हीएक्स२ नाही, आणि बहुतेक बोर्ड एनव्हीएमई (पीसीआयई लेनवर चालणाऱ्या वेगवान) एसएसडीवरून सुरू होत नाहीत. वर्कस्टेशनसाठी हा प्लॅटफॉर्म आता घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी.

एक्स९९ हा २०१४चा. सॉकेट एलजीए २०११-३ आणि डीडीआर४. यावर ५९६०एक्स आणि २०१६चा दहा कोअरचा ६९५०एक्स चालतो, दोघांचाही टीडीपी (कूलरला हटवावी लागणारी उष्णता) १४० वॉट. इथे ५८२०के आणि ६८००के या मॉडेलांकडे नीट पाहा. त्यांच्यात २८ लेन आहेत, तर ५९३०के, ५९६०एक्स, ६८५०के आणि त्यावरच्या मॉडेलांत ४०. लेनसाठीच हा प्लॅटफॉर्म घ्यायचा असेल तर २८ लेनचा प्रोसेसर घेण्यात हशील नाही. याच सॉकेटवर झिऑन ई५ची तिसरी आणि चौथी पिढीही बसते आणि ई५-२६८० व्ही४ सारखे १४ कोअरचे सर्व्हरमधून निघालेले प्रोसेसर भरपूर मिळतात. त्याचा मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ आणि टर्बो ३.३ आहे. दुसऱ्या पायरीतला हिशेब त्याच्यासाठी मुद्दाम करून पाहा.

एक्स२९९ हा २०१७चा, सॉकेट एलजीए २०६६. इथे एव्हीएक्स-५१२ आलं. ७८००एक्स आणि ७८२०एक्समध्ये २८ लेन, ७९००एक्सपासून वर ४४, ९०००च्या मालिकेत सगळीकडे ४४ आणि २०१९च्या १०९८०एक्सईत ४८. याच सॉकेटमध्ये ७६४०एक्स आणि ७७४०एक्स नावाचे चार कोअरचे प्रोसेसरही बसतात. त्यांना १६ लेन आणि रॅमच्या दोनच चॅनेल (रॅमकडे जाणाऱ्या वाटा) आहेत, त्यामुळे बोर्डवरचे अर्धे रॅम स्लॉट निकामी राहतात. ते दिसले की पुढे चला.

एएमडीकडे एक्स३९९ बोर्डावर १०००ची मालिका (२०१७) आणि २०००ची मालिका (२०१८). दोन्हींत ६४ लेन, त्यातल्या चार चिपसेटकडे (बोर्डावरच्या साहाय्यक चिपकडे) जातात. २०१९ अखेरीस आलेल्या ३९६०एक्स आणि ३९७०एक्सला टीआरएक्स४० बोर्ड लागतो. सॉकेट दिसायला सारखं असलं तरी ते एक्स३९९वर चालत नाहीत. ही ३०००ची मालिका पीसीआयई ४.० देते आणि या सगळ्या यादीत आजही दमदार म्हणावी अशी हीच आहे. टीडीपी मात्र २८० वॉट.

पायरी ४: लेनचा आराखडा काढा

हा प्लॅटफॉर्म घेण्याचं खरं कारण इथे आहे, म्हणून या पायरीला वेळ द्या. कोऱ्या कागदावर तुम्हाला लावायच्या सगळ्या गोष्टी लिहा आणि प्रत्येकीपुढे तिला लागणाऱ्या लेन लिहा. ग्राफिक्स कार्डाला १६, रेंडरिंगपुरतं दुसरं कार्ड असेल तर त्याला ८ पुरतात. प्रत्येक एनव्हीएमई एसएसडीला ४, दहा गिगाबिटच्या नेटवर्क कार्डाला साधारण ४, अनेक हार्ड डिस्क जोडणाऱ्या एचबीए कार्डाला ८, व्हिडिओ कॅप्चर कार्डाला ४ किंवा ८.

आता बेरीज करा. एक ग्राफिक्स कार्ड आणि दोन एसएसडी असतील तर झाल्या २४. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर चिपसेटच्या चार वगळून प्रोसेसरकडून २४ लेन मिळतात, आणि त्याही जास्त वेगाच्या. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवर २० मिळतात, पण दुसरा एसएसडी चिपसेटवर सहज चालतो. म्हणजे एवढ्यासाठी जुना प्लॅटफॉर्म घेणं व्यर्थ आहे. दोन ग्राफिक्स कार्डं, चार एसएसडी, एक एचबीए आणि नेटवर्क कार्ड अशी यादी असेल तर बेरीज ५०च्या वर जाते. ती एक्स३९९वर आरामात बसते, साध्या बोर्डावर नाही.

बेरीज जुळली तरी तीन बाबी तपासायच्या राहतात. पहिली म्हणजे लेनचा वेग. पीसीआयई ३.०ची एक लेन सेकंदाला जेमतेम १ गिगाबाइट वाहते, म्हणून चार लेनच्या एसएसडीचा प्रत्यक्ष वेग साडेतीन गिगाबाइटच्या आसपास थांबतो. पीसीआयई ४.०चा महागडा एसएसडी लावला तरी तो याच वेगाने चालेल. काही नव्या ग्राफिक्स कार्डांना मुळातच कमी लेन असतात: आरटीएक्स ४०६०ला ८, आरएक्स ६५०० एक्सटीला ४. ही कार्डं पीसीआयई ४.० गृहीत धरून बनवली आहेत. ३.०च्या बोर्डावर त्यांची वाट अर्धी होते आणि ६५०० एक्सटीला तर ते चांगलंच जाणवतं. जुन्या बोर्डासाठी १६ लेनचं कार्ड निवडा.

दुसरी बाब म्हणजे चिपसेटची वाट. एक्स९९चा चिपसेट प्रोसेसरला ज्या दुव्याने जोडलेला आहे, त्यातून सेकंदाला साधारण २ गिगाबाइट जातात. साटा, बहुतेक यूएसबी, नेटवर्क सगळं त्यातूनच. एक्स२९९वर हा दुवा दुप्पट झाला. म्हणून एम.२ स्लॉट प्रोसेसरला जोडलेला आहे की चिपसेटला, हे बोर्डाच्या मॅन्युअलमधल्या आकृतीत बघा. सुरुवातीच्या काही एक्स९९ बोर्डांवरचा एम.२ स्लॉट तर पीसीआयई २.०च्या दोनच लेनचा होता.

तिसरी बाब बायफर्केशनची. एका १६ लेनच्या स्लॉटमध्ये चार एसएसडी बसणारं स्वस्त कार्ड लावायचं असेल तर बायोसमध्ये तो स्लॉट चार-चारच्या चार भागांत विभागता आला पाहिजे. एकाहून जास्त मोठ्या मेमरीची ग्राफिक्स कार्डं लावणार असाल तर 'अबव्ह ४जी डीकोडिंग' ही सोयही हवी. दोन्ही गोष्टी प्रोसेसरवर नाही, त्या विशिष्ट बोर्डाच्या बायोसवर अवलंबून असतात. मॅन्युअल उतरवून घ्या आणि हे शब्द त्यात शोधा.

पायरी ५: रॅम

चार चॅनेल म्हणजे रॅमचा दुप्पट वेग, ही समजूत जुन्या काळी बरोबर होती. आता आकडे पाहा. डीडीआर४-२१३३च्या चार चॅनेल मिळून सेकंदाला सुमारे ६८ गिगाबाइट, डीडीआर४-२६६६च्या चार चॅनेल ८५, आणि आजच्या साध्या बोर्डावर डीडीआर५-५६००च्या दोनच चॅनेल जवळपास ९० गिगाबाइट देतात. आपल्याला हे स्वतःलाही काढता येतं: रॅमचा आकडा गुणिले ८ गुणिले चॅनेलची संख्या, उत्तर मेगाबाइटमध्ये. बँडविड्थसाठी जुना प्लॅटफॉर्म घ्यायचं कारण आता उरलेलं नाही.

क्षमतेची गोष्ट वेगळी आहे. आठ स्लॉटमध्ये १६ जीबीच्या पट्ट्या टाकल्या की १२८ जीबी होतात, आणि अनेक एक्स२९९ आणि एक्स३९९ बोर्ड ३२ जीबीच्या पट्ट्यांनी २५६ जीबीपर्यंत जातात. नव्या साध्या बोर्डांवर चार स्लॉट असतात आणि चारही भरले की डीडीआर५चा वेग खाली येतो. एएम५वरच्या रायझन ७००० मालिकेसाठी दुहेरी रँकच्या (चिपचे दोन गट असलेल्या) चार पट्ट्यांना एएमडीने दिलेला अधिकृत वेग डीडीआर५-३६०० एवढाच आहे. तुमच्या सिम्युलेशनला किंवा व्हर्च्युअल मशीनना १२८ जीबीहून जास्त रॅम रोज लागत असेल, तर इथे जुन्याचं पारडं जड होतं.

ईसीसी (स्वतःच्या चुका ओळखून दुरुस्त करणारी) रॅम हवी असेल तर इंटेलच्या कोअर एक्स मालिकेतला कुठलाही प्रोसेसर बाद. एक्स९९वर झिऑन घेतला आणि बोर्डाने साथ दिली तरच ईसीसी चालते. थ्रेडरिपर अनबफर्ड ईसीसी चालवतो, सर्व्हरमधून निघालेली स्वस्त रजिस्टर्ड रॅम मात्र त्यात चालत नाही. रॅम आधी विकत घेऊन मग हे कळणं फार त्रासाचं आहे.

थ्रेडरिपरच्या पहिल्या दोन पिढ्यांचा आणखी एक स्वभाव माहीत हवा. १९५०एक्समध्ये दोन सिलिकॉन तुकडे आहेत आणि प्रत्येकाकडे रॅमच्या दोन चॅनेल. एका तुकड्यावरच्या कोअरला दुसऱ्याकडची रॅम वाचायला जास्त वेळ लागतो. रेंडरिंगला याने फारसं बिघडत नाही, पण सतत रॅममध्ये इकडेतिकडे उड्या मारणाऱ्या कामांना फटका बसतो. ३२ कोअरच्या २९९०डब्ल्यूएक्समध्ये तर चारपैकी दोन तुकड्यांना स्वतःची रॅमच जोडलेली नाही. त्यांना प्रत्येक वेळी शेजाऱ्याकडून मागून घ्यावं लागतं. म्हणून २०००च्या मालिकेत १६ कोअरचा २९५०एक्स हा मला २९९०डब्ल्यूएक्सपेक्षा अधिक समतोल वाटतो. तुमचं काम निखळ रेंडरिंगचं असेल तरच ३२ कोअरच्या वाटेला जा. ३०००च्या मालिकेपासून रॅमचा सगळा कारभार मधल्या एका तुकड्याकडे आला आणि ही भानगड मिटली.

पायरी ६: सॉफ्टवेअरची साथ

विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे विंडोज ११ अधिकृतपणे चालतं का हा प्रश्न आता आधी विचारावा लागतो. एक्स२९९वरची कोअर एक्स मालिका मायक्रोसॉफ्टच्या यादीत आहे. थ्रेडरिपरची २०००ची मालिका आणि पुढची आहे, पण १०००ची नाही. म्हणजे १९५०एक्स बाहेर आणि २९५०एक्स आत, बोर्ड एकच असूनही. एक्स९९वरचे प्रोसेसर यादीत नाहीत. आडवाटेने विंडोज ११ घालता येतं, पण ज्या मशीनवर पोट अवलंबून आहे त्याच्यासाठी मी तो मार्ग सुचवणार नाही. लिनक्सवर काम करत असाल तर हा प्रश्नच नाही.

व्हिडिओवाल्यांनी एक गोष्ट आवर्जून ध्यानात घ्यावी: या सगळ्या प्रोसेसरांत अंगभूत ग्राफिक्स नाही, म्हणून त्यातलं व्हिडिओ उलगडणारं इंटेलचं क्विक सिंकही नाही. आजकालचे कितीतरी कॅमेरे १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी या व्हिडिओच्या प्रकारात चित्रण करतात. इंटेलच्या नव्या साध्या प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स ते सहज उलगडतं. १८ कोअरचा ७९८०एक्सई मात्र ते सगळं कोअरच्या बळावर करतो आणि टाइमलाइन अडखळते. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०च्या मालिकेसारखं ४:२:२ उलगडणारं ग्राफिक्स कार्ड लावलं की सुटका होते, पण मग तो खर्च याच हिशेबात धरा.

सुरक्षेच्या त्रुटींचा इतिहास लांबलचक आहे. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन जाहीर झाल्या, २०२२ मध्ये रेटब्लीड आली. २०२३ मध्ये स्कायलेकपासूनच्या अनेक इंटेल पिढ्यांना लागू होणारी डाउनफॉल आणि एएमडीच्या झेन २ची झेनब्लीड आली. दुरुस्त्यांचा फटका रेंडरिंगला कमी, तर डिस्कवर सतत लिहिणारी कामं, डेटाबेस आणि व्हर्च्युअल मशीन यांना जास्त बसतो. डाउनफॉलची दुरुस्ती एव्हीएक्सच्या गॅदर (विखुरलेला डेटा गोळा करणाऱ्या) सूचना मंद करते, म्हणून एव्हीएक्स-५१२साठीच एक्स२९९ घेणाऱ्यांनी आपलं सॉफ्टवेअर दुरुस्तीसह चालवून बघावं. लिनक्सवर 'एलएससीपीयू' ही आज्ञा दिली की शेवटी कोणती त्रुटी लागू आहे आणि कोणती झाकली आहे याची यादी दिसते.

पायरी ७: बोर्ड, वीज, थंडावा

जुना प्रोसेसर सहसा टिकतो. बोर्ड टिकत नाही. मागणी कमी आणि चालू स्थितीतले बोर्ड त्याहून कमी, त्यामुळे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी गत पुष्कळ वेळा होते. म्हणून प्रोसेसरची किंमत एकट्याने कधी पाहू नका. प्रोसेसर, बोर्ड, कूलर, रॅम आणि पावर सप्लाय यांची एकत्र बेरीज करा आणि तीच नव्या प्लॅटफॉर्मच्या बेरजेसमोर ठेवा. बोर्ड आणि प्रोसेसर एकत्र, एकमेकांबरोबर चाललेले मिळत असतील तर ते घेणं उत्तम.

एक्स९९ नावाचे नवेकोरे, अनोळखी बनावटीचे बोर्डही विकले जातात. त्यांतल्या अनेकांवर प्रत्यक्षात एक्स९९ चिपसेट नसतोच, जुन्या साध्या डेस्कटॉप बोर्डांतून काढलेले चिपसेट असतात. चालतात, पण झोपेतून उठणं, बायोसचे अपडेट, बायफर्केशन अशा गोष्टींची हमी नाही. हौसेच्या मशीनला ठीक. कामाच्या मशीनला मी ते लावणार नाही.

कूलरबाबत थोडक्यात: एलजीए २०११-३चे कूलर २०६६वर बसतात. थ्रेडरिपरचं झाकण अवाढव्य असतं आणि ते पूर्ण झाकणाराच कूलर हवा. एक्स२९९वरच्या स्कायलेक-एक्स म्हणजे ७०००च्या मालिकेत झाकणाखाली सोल्डरऐवजी पेस्ट आहे, म्हणून ती जास्त तापते. ९०००च्या मालिकेत सोल्डर आलं. दोन्हींत निवड करायची वेळ आली तर ९००० घ्या.

विजेचा हिशेब असा: जुनं मशीन कामात असताना नव्यापेक्षा १२० वॉट जास्त घेतं असं धरा. दिवसाचे आठ तास आणि वर्षाचे २५० दिवस काम केलं तर २४० युनिट जादा. आपल्या वीजदराने गुणा आणि जितकी वर्षं वापरणार तितक्या पटीने किमतीत मिळवा. ओव्हरक्लॉक केलेला (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलेला) एक्स२९९चा प्रोसेसर एकटा ३०० वॉटच्या पुढे जातो, तेव्हा फरक याहून बराच वाढतो. खोलीतली उष्णताही तेवढीच वाढते.

पायरी ८: हातात घेऊन तपासणी

प्रोसेसरच्या झाकणावरचा मजकूर वाचा. मॉडेलच्या नावाऐवजी 'कॉन्फिडेन्शियल' असा शब्द असेल तर तो चाचणीसाठी बनवलेला नमुना आहे, विक्रीचा नाही. त्याचा वेग आणि बायोसशी जमणं यांचा भरवसा नसतो.

सॉकेट टॉर्चच्या तिरक्या प्रकाशात बघा. या सगळ्या प्लॅटफॉर्मवर पिना प्रोसेसरला नसून सॉकेटमध्ये असतात, हजारोंच्या संख्येने. सरळ पिनांची रांग एकसारखी चमकते, वाकलेली पिन त्या रांगेत वेगळी उठून दिसते. फोनच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढून तो मोठा करून पाहिला तर डोळ्यांतून सुटलेलंही सापडतं.

मशीन सुरू झालं की बायोस मूळ सेटिंगवर आणा. आधीच्या मालकाचं ओव्हरक्लॉकिंग तसंच ठेवून केलेल्या चाचणीवरून काहीच ठरवता येत नाही. मग सीपीयू-झेडमध्ये मॉडेल, कोअर आणि रॅमच्या चॅनेल बघा. चार पट्ट्या योग्य स्लॉटमध्ये लावूनही 'क्वाड' दिसत नसेल, किंवा ६४ जीबी लावून ४८च दिसत असतील, तर पट्ट्या आपसांत बदलून पाहा. दोष पट्टीबरोबर सरकला तर रॅम खराब आहे. स्लॉटलाच चिकटून राहिला तर सॉकेटची पिन वाकलेली असू शकते, किंवा कूलरचा दाब असमान असू शकतो. थ्रेडरिपरमध्ये हे दुसरं कारण नेहमीचं आहे. त्याचे तीन स्क्रू सॉकेटवर लिहिलेल्या १, २, ३ या क्रमाने आणि सोबतच्या टॉर्क स्क्रूड्रायव्हरने आवळायचे असतात.

तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो चालू ठेवून ब्लेंडरचं रेंडर किमान अर्धा तास लावा. तापमान किती चढलं याच्याबरोबरच सगळ्यात गरम आणि सगळ्यात थंड कोअरमधला फरक बघा. तो १५-२० अंशांच्या वर असेल तर कूलर नीट बसलेला नाही किंवा झाकणाखालची पेस्ट वाळली आहे. त्यानंतर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'व्हिया-लॉगर'च्या नोंदी शोधा. मशीन बंद पडलं नाही तरी तिथे दुरुस्त झालेल्या चुकांची नोंद असते, आणि मूळ सेटिंगवर अशी एकही नोंद खपवून घेऊ नका. रात्रभर मेमटेस्ट८६ चालवा. तिथेही एक चूक म्हणजे नापास.

ग्राफिक्स कार्ड प्रत्येक लांब स्लॉटमध्ये आळीपाळीने लावून जीपीयू-झेडमध्ये त्या स्लॉटच्या लेन पूर्ण मिळतात का ते बघा. लेनसाठी प्लॅटफॉर्म घेताय, मग हे एक-दोन तास घालवायलाच हवेत. १६च्या जागी ८ दिसले तर आधी मॅन्युअलमध्ये तो स्लॉट मुळात किती लेनचा आहे ते तपासा. मग कार्डाचे संपर्क पुसून पुन्हा लावा. तरीही तेच असेल तर बोर्ड परत करा.

पार्सलने मागवत असाल तर विक्रेत्याला दोन गोष्टी सांगा: कूलर काढून वेगळा पाठवायचा, आणि बोर्ड प्रोसेसरशिवाय पाठवणार असाल तर सॉकेटवर प्लास्टिकचं संरक्षक झाकण बसवूनच. ते झाकण त्याच्याकडे नसेल तर प्रोसेसर सॉकेटमध्ये बसवलेला ठेवूनच बोर्ड पाठवायला सांगा आणि पॅक करण्यापूर्वी सॉकेटचा स्पष्ट फोटो मागून घ्या.